शिंगणमाळला पाणी चढत नाही

आमच्या शिंगणमाळला पुराचं पाणी कधी चढत नाही. एका वर्षी ते असं चढलं नाही, की माझ्या कौलावर एक मरळ मासळी येऊन बसली आणि धुराड्यातून खाली बघत विचारायला लागली, आज कालवण कशाचं म्हणून. दुसऱ्या एका वर्षी ते असं चढलं नाही, की बायडाबाईची म्हैस वाहत कर्नाटकात गेली, पावसाळाभर तिथल्या डेअरीला दूध घालून परत आली, आणि आल्यावर कानडीत बोलल्याशिवाय पान्हाच सोडेना. मी हे सांगितलं की लोक म्हणतात, आबा, थापा बंद करा. पण त्याच लोकांना विचारा, पावसाळ्यात तुमच्या बंधाऱ्यावरनं पाणी जातं का? शपथेवर सांगतील, "न्हाय वो पावणं. कवाच न्हाय."

आमचं गाव नदीच्या पल्याड. अलीकडं यायला बंधारा, दुसरी वाट नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून देशभर त्याचं नाव आहे. फळ्या काढल्या की पाणी खालून जातं, आणि नदीच्या मनात आलं की वरूनही जातं. आषाढात ते एकदा वरून जायला लागलं की कधी आठवडा, कधी महिना, गाव आपलं पल्याड बसून राहतं.

याची लाज वाटायचं काही कारण नव्हतं. लाज वाटायला लागली ती पोरींमुळं. एकदा भर आषाढात पोरीकडची माणसं पोरगा बघायला आली आणि अडकली. गावातल्या कोंबड्या संपल्या, सुकी मासळी संपली, शेवटी पावणं पोरग्याच्या बापाच्या तंबाखूवर आले. पाणी उतरल्यावर निघताना पोरीचा बाप म्हणाला, "पोरगा सोन्यासारखा हाय. पर माझ्या पोरीला आजारी पडायचं झालं तर आदी नदीला इचारायला लागंल." हे वाक्य तालुकाभर फिरलं. मग पाच-सहा वर्षं आमच्या गावात कुणी पोरगी दिली नाही. मारुतीच्या पारावर बिनलग्नाची इतकी पोरं बसायला लागली की त्या एकट्या मारुतीला जन्मात पहिल्यांदा सोबत मिळाली.

तेव्हापासून शिंगणमाळला पाणी चढायचं थांबलं. कुणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. पूर ओसरला की गडी देवळाच्या भिंतीवरची गाळाची रेघ घासून काढायचे आणि चुना मारायचे. बंधाऱ्याच्या खांबात अडकलेलं गवत, चिंध्या, प्लास्टिक उपसून टाकायचे. आणि काहील उचलून चिमणाबाईच्या गोठ्यामागं वैरणीखाली झाकून ठेवायचे. काहील म्हणजे गूळ आटवायची कढई, खोलीएवढी मोठी. गुऱ्हाळ कधीच बंद पडलं होतं, पण पुरात तीच आमची नाव. तळाला बसायला एक पाट, काठाच्या कड्यांना दोरीनं जखडलेला. कुणी परक्यानं बघून विचारलं, तर ठरलेलं उत्तर होतं, "गूळ करतो की आम्ही."

सोयरीक जुळवायची आमच्याकडची रीत अशी, की पोरीकडचे लोक सरळ येत नाहीत. आधी दोघं जण "म्हैस बघायला" म्हणून येतात. दुधावरनं जमिनीवर, जमिनीवरनं घरावर आणि घरावरनं पोरावर घसरतात. त्यामुळं गावाला वळणच पडलं. परका माणूस आला आणि काही विचारायला लागला, की सगळं उत्तम सांगायचं. स्वतःचंही आणि शेजाऱ्याचंही. बांधावरनं कोर्टात भांडणारे दोन भाऊ माझ्या बघण्यात आहेत. गेल्या कित्येक वर्षांत एकमेकांशी बोललेले नाहीत, पण एकमेकांच्या पोरांची तारीफ करायला पायातलं पायताण तसंच टाकून धावतात.

अशा गावात एका उन्हाळ्यात मोना नावाची पोरगी आली. कोल्हापूरची, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, बरोबर एक अबोल पोरगा. पहिलं घर लागलं चिमणाबाईचं. चिमणाबाई विधवा. तिचा एकुलता ज्ञानू चौतिशी ओलांडलेला आणि पारावर मारुतीच्या अगदी शेजारी बसणारा.

"मावशी, घरात माणसं किती?"

"मी आन् माजा ज्ञानू. सासरा न्हाय, नणंद न्हाय, दीर न्हाय. सासू तेवढी हाय, ती बी गुडघ्यानं बेजार. कुणाला तरास न्हाय तिचा."

मोनानं इकडंतिकडं बघितलं. "सासू कुठं आहेत?"

"मीच की," चिमणाबाई म्हणाली.

पोरगी गोंधळली, पण टॅबवर बोट चाललं. जनावरं? मोप. दूध? शेजाऱ्याला वतून देतो. पाणी? घरात नळ. (नळ होता. पाण्याबद्दल तिनं विचारलं नाही.) दवाखाना? "दवाखाना कशाला लागतोय? हितली हवाच अशी हाय, माणसं मरत न्हाईत, कटाळून जात्यात."

"आणि पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली जातो का? गेला तर किती दिवस?"

भिंतीपलीकडनं बायडाबाईचं डोकं वर आलं. तिचा सम्राटही पारावरचाच. "न्हाय वो ताई! पाणी खालनंच जातंय. नदी लई गुणाची हाय आमची."

चहा आला. चिमणाबाईनं पदर सावरून विचारलं, "आन् मुलगी कुठली म्हनायची? तुमच्यातलीच काय?"

"कुठली मुलगी?"

मग खरं काय ते कळलं. मोना म्हैस बघायला आलेली नव्हती. तालुक्याचा विकास आराखडा चालला होता. या पट्ट्यात नदीवर एक उंच पूल व्हायचा होता, एकच, आणि तो कुठं बांधायचा हे घरोघरच्या उत्तरांवरनं ठरणार होतं. "आणि सगळी माहिती नकाशावर टाकणार," ती म्हणाली. "कुठलं गाव पुराचं, कुठलं कोरडं, कुणालाही मोबाईलवर बघता येईल."

सरपंच तोवर येऊन पोचला होता. त्यानं घसा खाकरला. "मॅडम, ते बंधाऱ्याचं जरा..."

"कुनालाबी बघता येईल?" बायडाबाईनं मध्येच विचारलं. "पोरीच्या बापालाबी?"

"हो की."

"मग ऱ्हाऊ दे हाय तसंच." ती सरपंचाकडं वळली. "पूल हुईल तवा हुईल. माझ्या सम्राटचं केस काय परत काळं व्हनार हैत?"

सरपंचाचा थोरला पोरगाही पारावर बसायचा. तो मोनाला म्हणाला, "जरा साखर कमी हाय चहात, एवढंच म्हनत हुतो."

नकाशा आला. आमचं शिंगणमाळ त्यात असं हिरवंगार, की बघून म्हशींच्या तोंडाला पाणी सुटावं. पूल गेला वरच्या अंगाच्या गावाला. तिथं पाणी कोंबडीच्या गुडघ्याला लागतं, पण घरटी एकानं गळ्यापर्यंत सांगितलं होतं. त्या पुलावर आता मिरच्या वाळत घालतात.

आणि आमच्याकडं वरात आली. गडमुडशिंगीचे आकाराम पावणं म्हणजे वर्कशॉपातून रिटायर झालेला माणूस. नट फिरवून बघितल्याशिवाय डब्याचं झाकणसुद्धा न लावणारा. त्यांनी म्हैस बघायला कुणाला पाठवलं नाही, मोबाईल उघडला. बैठकीत सगळ्यांना तो हिरवा रंग दाखवत म्हणाले, "गावातली मानसं थापा मारतील. नकाशा कशाला थापा मारंल?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांची निशिगंधा ज्ञानूला दिली.

पोरगी बी. कॉम. झालेली आणि खळखळून हसणारी. तिचं हसणं नदीपलीकडं ऐकू जायचं आणि तिकडची वासरं हंबरायची. ज्ञानू पारावरनं उठला तो परत बसला नाही. चिमणाबाईचे गुडघेही बरे झाले. पावसाळा लागला तेव्हा निशिगंधाला दिवस गेलेले होते, सातवा चालू होता.

आषाढात एक दिवस ती शेण टाकायला म्हणून नदीच्या अंगाला गेली आणि भरली पाटी घेऊन तशीच परत आली.

"आत्या, बंधारा कुठं गेला?"

"कुठं जाईल? हाय की तितंच," चिमणाबाई म्हणाली. "दिसंना एवढंच."

निशिगंधा हसली नाही. आत जाऊन तिनं मोबाईलवर तो नकाशा काढला, बराच वेळ बघितला आणि मोबाईल पालथा ठेवला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी, तिला रक्त जायला लागलं. पलीकडच्या तीरावर ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहिली. तिचा दिवा फिरताना आम्हाला दिसत होता. ड्रायव्हर हात हलवून या म्हणत होता, जसं काही आम्हीच उशीर लावत होतो. वैरण बाजूला करून काहील काढली. निशिगंधाला पाटावर बसवलं, चिमणाबाई तिला धरून बसली. ज्ञानू, सम्राट आणि आणखी चौघं कड्या धरून पाण्यात उतरले. मध्यावर ओढीनं काहील फिरवली आणि खाली उसाच्या फडाकडं नेली. पोरांनी ती उसात अडकवून धरली, परत ओढून काढली, परत नदीनं नेली. काठाला लागली तेव्हा मूल झालेलं होतं. मुलगी. रडली नाही.

मी त्या दिवशी इकडच्या काठावर उभा होतो. यात मला काहीही वाढवून सांगता येत नाही.

आकाराम पावणं दवाखान्यात आले. मूल पोटातच गेलं होतं, असं त्यांना सांगितलं. त्यांनी वर्कशॉपातल्या माणसासारखा एकच प्रश्न विचारला, "आणायला वेळ न्हाय न्हवं लागला?"

"न्हाय की," चिमणाबाई म्हणाली.

पडद्याआड खाटेवर निशिगंधा जागी होती. तिनं सगळं ऐकलं.

बाळंतपणानंतरचे महिने तिनं माहेरी काढले. ती आता परत यायची नाही, असं गावानं धरलं होतं. दिवाळी झाल्यावर एक दिवस ती पिशवी घेऊन बंधाऱ्यावरनं चालत आली. पाणी तेव्हा खालनंच जात होतं.

"आलीस, बरं झालं," चिमणाबाई म्हणाली.

"नांदायला न्हाय आलो, आत्या," निशिगंधा म्हणाली. "मी त्या मोनाताईंना फोन केलता. उन्हाळ्यात त्या परत येणार हैत, राहिलेल्या पैशात आणि एक पूल हाय म्हणं. ज्या घरात माणूस राहतंय त्या घरातनं सांगितलेलंच धरतात. गडमुडशिंगीत बसून मी वरडलो तर कोण धरणार?"

ही गोष्ट गावात चूल पेटायच्या आधी पोचली. मग बायका यायला लागल्या. कुणी दही आणलं, कुणी आंबोळ्या. सगळ्यात शेवटी बायडाबाई खण-नारळ घेऊन आली. निशिगंधाच्या ओटीत नारळ घातला आणि हात तसाच धरून ठेवला.

"सम्राटचं आजऱ्याला जुळलंय, बाई. काजूवालं पावणं हैत. मान्सं बरी हैत, पर नकाशा बगून हो म्हनाल्यात. तुजं लगीन झालंय. माझ्या पोराचं एवढं हुं दे. मग तूच काय, मी बी सांगतो पानी चडतंय म्हनून."

"आन् तवर तुमच्या सुनंला काहिलीत धरून बसायला मी येऊ काय, काकू?"

बायडाबाईनं हात सोडला. "माझ्या सम्राटनं कडी धरली हुती गं तुझ्यासाठनं," ती म्हणाली. हे खरं होतं. दोघी रडत बसल्या आणि नारळ जमिनीवर घरंगळत गेला.

उन्हाळ्यात मोना आली. सगळं गाव भिंतीवरनं, दारातनं, माळवदावरनं चिमणाबाईच्या अंगणात बघत होतं. निशिगंधा पुढं झाली.

"ताई, मी सांगतो. लिहून घ्या."

मोना संकोचून म्हणाली, "वहिनी, एका घराचं एकच उत्तर घेता येतं. कुटुंबप्रमुखाचं. इथं मावशींचं नाव आहे."

सगळ्या माना चिमणाबाईकडं वळल्या. ती जोत्यावर बसलेली. मोनानं तोच प्रश्न विचारला. चिमणाबाईनं भिंतीवरनं दिसणाऱ्या बायडाबाईच्या डोक्याकडं बघितलं. सरपंचाकडं बघितलं. ज्ञानू धारेची किटली घेऊन गोठ्याच्या तोंडाशी उभा होता, त्याच्याकडं बघितलं. निशिगंधाकडं तेवढं बघितलं नाही.

"मावशी?"

"चडतंय," चिमणाबाई म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. "पार म्हारुतीच्या पायरीला लागतंय. माजी नात त्यात गेली. माझ्या मांडीवर."

ज्ञानूनं किटली खाली ठेवली. भिंतीवरचं डोकं खाली गेलं. मोनाचं बोट काचेवर तसंच राहिलं, मग तिनं डोळे पुसले आणि उत्तर भरलं.

त्यानंतर ती घरोघर फिरली. प्रत्येक घरानं तिला चहा दिला आणि प्रत्येक घर म्हणालं, न्हाय वो. मी म्हणालो, "चढतं. माझ्या कौलापर्यंत."

ती कसनुशी हसली आणि माझं उत्तर न भरताच टॅब मिटला. "आबा, तुमच्याबद्दल मला गावानं आधीच सांगून ठेवलंय."

दोन आठवड्यांनी आम्ही पारावर असताना सरपंचाला फोन आला. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळं फोन कायम मोठ्या आवाजात असतो. वरच्या ऑफिसातला कुणी साहेब होता. सभ्य माणूस. सांगत होता, की गावातल्या सगळ्या घरांचं उत्तर एक आणि एकाच घराचं वेगळं आलं, की मशीन ते चूक म्हणून बाजूला काढतं. म्हणून खात्री करून घेतोय. त्या घरात काय आहे?

सरपंचानं आमच्याकडं बघितलं. पारावर त्याचा थोरला होता, सम्राट होता, आणखी पोरं होती. सम्राट स्वतःच्या तळहाताकडं बघत होता. कडीचा वण अजून होता त्यावर.

"साहेब, त्या सुनंचं मूल गेलं," सरपंच म्हणाला. "तवापासनं घरातल्या सगळ्यांच्याच डोक्यावर परिणाम झालाय. बिच्चारी मानसं." आणि हे बिच्चारी तो अगदी मनापासून म्हणाला, त्याचे डोळे भरून आले होते.

"अरेरे," साहेब म्हणाला. "ठीक आहे. मग काढून टाकतो."

फोन बंद झाला. मी म्हणालो, "सरपंच, खोटं बोललास."

"आबा," तो म्हणाला, "निदान तुम्ही तरी हे बोलू नगा."

पूल दुसरीकडं गेला. मोनानं फोन करून निशिगंधाला सांगितलं. ती म्हणाली, मी लिहिलं होतं हो वहिनी, मी नीट लिहिलं होतं. निशिगंधानं फोन ठेवला, उठली आणि गोठ्यामागं गेली. चिमणाबाई तिच्यामागं गेली. दोघींनी वैरण ओढून काढली आणि राख घेऊन काहील घासायला बसल्या. संध्याकाळी ज्ञानूही बसला. गावानं विचारलं नाही, काय चाललंय.

सम्राटचं लग्न पाऊस लागायच्या आधी उरकलं. आजऱ्याहून वरात आली, बंधाऱ्यावर फटाके फुटले. बायडाबाईच्या दारात नवी नवरी माप ओलांडायला उभी राहिली. बँजो चालू होता. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडनं लोखंडाचा गडगडाट आला. ज्ञानू, निशिगंधा आणि चिमणाबाई काहील कडेवर उभी करून ढकलत आणत होते. घासून आरशासारखी केलेली. कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, कड्यांना आंब्याचे डहाळे. दारापुढं आणून त्यांनी ती आडवी केली. जमीन हादरली. बँजो थांबला.

"आहेर हाय," निशिगंधा म्हणाली.

नवरीनं मुंडावळ्या सारून विचारलं, "हे काय हो, आत्या?"

बायडाबाईनं आरतीचं ताट शेजारणीच्या हातात दिलं. तिनं निशिगंधाकडं बघितलं, सम्राटकडं बघितलं. सम्राट खाली बघत होता. मग ती म्हणाली, "गूळ करतो की आम्ही."

"व्वा!" नवरीचा बाप खूश झाला. त्यानं पुढं येऊन कडी खडखडवून बघितली. "गुऱ्हाळबी हाय? हे न्हवतं की नकाशात!"

आम्ही सगळे हसलो. मी सुद्धा. नवरी तेवढी हसली नाही. ती काहिलीवर वाकली होती, हार आत लोंबत होता. तळाला जखडलेल्या पाटाला तिनं हात लावला, दोरीची गाठ चाचपली.

"गूळ करायला पाट कशाला लागतोय?" ती म्हणाली.

बँजोवाल्यानं परत वाजवायला सुरुवात केली. तिनं मान वर केली, आणि आमच्या कुणाकडं न बघता, ज्या वाटेनं ती आली होती त्या बंधाऱ्याकडं बघितलं.